आतल्या बाजूची भिंत

जिपारच्या घरी संगणक आला तो तिच्या वडिलांसाठी. तोलोगोन म्हातारा झाला तोवर त्याचं नाव पुसट झालं होतं, पण एके काळी रेडिओवर बातम्या वाचणारा त्याचा आवाज डोंगरातल्या मेंढपाळांच्या तंबूंपर्यंत पोहोचायचा. तेव्हा बिश्केकचं नाव फ्रुंझे होतं. पुढे त्याला अर्धांगाचा झटका आला. आवाज शाबूत राहिला, शब्द मात्र मोडून पडले. डॉक्टरीणबाईंनी जिपारला सांगितलं, रोज बोलायचा सराव करून घे आणि त्याचं चित्रण करून ठेव, म्हणजे सुधारणा होतेय की नाही ते मला दिसेल. मॉस्कोत काम करणाऱ्या धाकट्या भावाने मग सुट्टीवर येताना एक कॅमेरा आणला, संगणकही घेऊन दिला, आणि परत जाण्याआधी त्यात परक्या संगणकांना अडवणारी भिंत, फायरवॉल, बसवून गेला.

दुकानातून घरी आली की जिपार वडिलांच्या खोलीचं दार लावून घ्यायची. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पाय दुखत असायचे, तरी हा सराव तिने कधी चुकवला नाही. म्हाताऱ्याला पाठ असलेलं वाक्य घेतलं तर जीभ लवकर वळेल, म्हणून तिने त्याच्या बातम्यांची सुरुवातच निवडली होती. "फ्रुंझे बोलतंय." त्याच्या तोंडून यायचं, "फुम्मे... फुम्मे बोतंय." ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती पुसून जिपार वडिलांना म्हणायची, "परत म्हणा, अताके." एकदा तो रडला आणि चांगल्या हाताने स्वतःच्याच तोंडावर मारत सुटला. तेही कॅमेऱ्यात आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही पुसू नका, म्हणून तिने ते तसंच ठेवलं.

त्या वर्षी वसाहतीतल्या बहुतेक इमारतींनी आपापलं जाळं केलं होतं. यांच्या इमारतीत ते काम वरच्या मजल्यावरच्या बेकतुरने अंगावर घेतलं. बाहेरून एकच जोडणी घेऊन, गच्चीवरून जिन्यात वायरी सोडून त्याने ती घराघरात वाटली. सिनेमे, गाणी एकमेकांच्या संगणकांवरून फुकट मिळू लागली. पोरगा मवाळ, वाकून नमस्कार करणारा, बायाबापड्यांच्या पिशव्या वर नेऊन देणारा. सगळे त्याच्यावर खूश होते.

फायरवॉलचा मात्र जाच व्हायला लागला. दर थोड्या वेळाने पडद्यावर चौकट उमटायची की अमका संगणक आत येऊ पाहतोय, येऊ द्यायचं का? जिपारचा नवरा जेनिश सिनेमे उतरवायला बसला की वैतागायचा. शेवटी त्याने बेकतुरला बोलावलं. जिपार चहा घेऊन आली तेव्हा बेकतुर खुर्चीत बसलाच होता.

"हे कशाला ठेवलंय, एजे?" तो म्हणाला; मोठ्या बाईला एजे आणि मोठ्या माणसाला बाइके म्हणायची त्याची रीत होती. "भिंत मी मुख्य जोडणीवरच घातलीय. बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही. आत काय, सगळी आपलीच माणसं. घरातल्या घरात कोणी कडी लावतं का?"

जिपारने विचारलं, की भावाने बसवलंय ते काही कारणानेच ना? बेकतुर हसून म्हणाला, मॉस्कोत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथे लागत असेल. घरगुती संगणकाला याची गरजच नाही, उगाच यंत्र जड होतं. जेनिशने मान डोलावली. जिपारलाही ते पटलं. बेकतुरने ते बंद केलं, चहा घेतला आणि गेला.

शरद ऋतूत तळमजल्यावरच्या कुटुंबाकडे नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी झाली. आख्खी इमारत जमली होती. मांस-शेवयांचं बेशबर्माक वाढून झालं, तळलेल्या बोरसोकांचे ढीग ओसरले, व्होडका फिरली. इमारतीतच दवाखाना असलेला शेरमात नावाचा दंतवैद्य शुभेच्छा द्यायला उठला. अर्धी इमारत त्याच्याकडे दात दाखवायची, आणि तो मोठा रंगतदार बोलायचा. पेला हातात धरून त्याने मान एका बाजूला टाकली, ओठ वाकडा केला आणि म्हणाला, "फुम्मे... फुम्मे बोतंय."

टेबलाभोवती हशा उसळला. कुणीतरी पलीकडून ओरडलं, आता स्वतःला मारून दाखव. शेरमातने हात उचललाही, तेवढ्यात त्याचं लक्ष जिपारकडे गेलं. हात तसाच खाली आला. हसणं एकेका खुर्चीवर विझत गेलं. गुलबारा, तिच्याच मजल्यावरची शेजारीण, ताटातला मांसाचा तुकडा उगाच कापत बसली.

जिपारला आधी काहीच कळेना. ते शब्द बंद दाराआड बोललेले होते. मग कॅमेरा आठवला आणि एकदम कळलं. ती उठली, जिन्यापर्यंत कशीबशी पोहोचली आणि तिथेच ओकली.

तोंड पुसून ती तशीच बेकतुरकडे गेली. तो मेजवानीला आला नव्हता. त्याची आई दार उघडून, ये गं, म्हणत स्वयंपाकघरात वळली. त्याच्या खोलीत कोंदट वास मारत होता. तो सूर्यफुलाच्या बिया खात बसला होता. ओली टरफलं बशीत, बशीबाहेर, कीबोर्डाच्या फटींत पडली होती. तिला पाहून तो अदबीने उभा राहिला.

त्याने काही नाकारलं नाही. कुणाकुणाचे संगणक उघडे आहेत ते पाहताना म्हाताऱ्याचं चित्रण दिसलं, गंमत वाटली, म्हणून सगळ्यांसाठीच्या फोल्डरमध्ये टाकलं, एवढंच. तिथे इतरांचंही बरंच काही होतं.

"गंमत?" जिपारने विचारलं.

"एजे, मी काही फोडून आत शिरलो नाही. दार उघडंच होतं." तो खरोखर समजावून सांगत होता, जणू तिला हिशेबातली एखादी पायरी कळली नव्हती. "आणि मी एकट्याने पाहिलं असंही नाही. जेनिश बाइके तर रोज येतात त्या फोल्डरमध्ये. त्यांनी एका शब्दाने सांगितलं असतं, तर मी तेव्हाच काढून टाकलं असतं."

त्याच्या खालच्या ओठाला एक टरफल चिकटलं होतं. बोलताना ते हलत होतं. जिपारला त्यावरून नजर काढता येईना. तिने फक्त एवढंच सांगितलं, की आत्ता, माझ्यासमोर ते काढ. त्याने काढलं. मग म्हणाला, पण लोकांनी आपापल्याकडे उतरवून घेतलंय, त्याला मी काय करणार.

जेनिश घरी येऊन दिवा न लावता बसला होता. तिने विचारायच्या आधीच त्याने बोलायला सुरुवात केली. चित्रण त्याच्या नजरेला पडूनही बरेच दिवस झाले होते. सांगणार होता. पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, की तू त्या फोल्डरमध्ये काय करत होतास.

"काय करत होतास?"

तो तोंड फिरवून म्हणाला, गुलबाराचे फोटो होते. गुलबारा वजन उतरवायचं औषध घेत होती आणि दर महिन्याला आतल्या कपड्यांवर तिचे फोटो काढून तिची मुलगी ते औषधवाल्यांना पाठवायची. सगळेच बघत होते, जेनिश म्हणाला. हसायला.

जिपारला वाटलं होतं आपण ओरडू, काहीतरी फेकू. तसं काही झालं नाही. तिने आपली उशी आणि पांघरूण उचललं आणि वडिलांच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घातलं. जेनिशने जेवलेली थाळी धुवायला हातात घेणंही तिला पुढे कित्येक आठवडे जमलं नाही. तो स्वतःच धुवायला लागला.

दुसऱ्या दिवशी मॉस्कोला फोन करून, भाऊ सांगेल तशी बटणं दाबत तिने फायरवॉल परत सुरू केली. अर्धा चहा होईपर्यंत काम झालं. लगेच चौकटी उमटायला लागल्या, आणि आता ती त्यांतली नावं वाचत होती. दुसऱ्या मजल्यावरचे. तळमजल्यावरचे, ज्यांच्याकडे काल ती पाळण्याला दुपटं घेऊन गेली होती. शेरमातचा दवाखाना. म्हाताऱ्याचं आणखी काही आलंय का, हे बघायला आलेले. ती एकेकाला नाही म्हणत बसली. प्रत्येक नावासरशी अंगावरून पाल गेल्यासारखं व्हायचं, तरी तिने पडदा बंद केला नाही. कोण कोण आहे ते तिला पाहायचंच होतं. सगळे पाहून झाल्यावर तिने भिंतीतून वायरच उपटून काढली.

वडिलांना तिने काही सांगितलं नाही. पण कान शाबूत होते त्याचे, आणि त्याची खिडकी उघडत होती त्या अंगणात लोक बोलत बसायचे. संध्याकाळी तिने कॅमेरा काढला तेव्हा त्याने चांगला हात पुढे करून भिंगावर तळवा ठेवला. तो तळवा काढायचा तिला धीर झाला नाही. सराव पुढे चालू राहिला, पण चित्रणाशिवाय. डॉक्टरीणबाई नाराज झाल्या.

इमारतीत कोणाचं काही बिघडलं नाही. बेकतुरचं जाळं चालूच राहिलं, पलीकडच्या इमारतीनेही त्याच्याकडूनच जोडणी घेतली. शेरमातने जिन्यात गाठून माफी मागितल्यासारखं केलं आणि दात मोफत तपासून देईन म्हणाला. बाकीच्यांनी जिपारशी बोलणं कमी केलं. तिने शेजाऱ्यांना चोर ठरवलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

काही दिवसांनी गुलबारा दारात आली. डोळे सुजलेले होते. तिलाही तिच्या फोटोंचं कुणीतरी सांगितलं होतं. ती भिंत माझ्याकडे बसवून देशील का, एवढंच तिने विचारलं.

जिपार गेली. काम चालू असताना गुलबारा मागे उभी राहून रडत होती, बेकतुरला, लोकांना, लोकांच्या नवऱ्यांना शिव्या घालत होती. जिपारला तिची दया येत होती. जेनिशचं नाव सांगावं की नाही ते ठरवत असतानाच सगळ्यांना खुलं असलेलं गुलबाराचं सिनेम्यांचं फोल्डर पडद्यावर उघडलं. त्यात, दोन हिंदी सिनेम्यांच्या मध्ये, तिचे वडील होते. खाली लिहिलं होतं, फुम्मे.

गुलबाराचं रडणं थांबलं. "सगळ्यांनी घेतलं म्हणून मीही घेतलं गं," ती म्हणाली. "एकदाच पाहिलं."

जिपारने ते पुसलं. मग भिंत नीट बसली आहे की नाही ते पुन्हा तपासलं, कारण काम अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. जेनिशचं नावही तिने सांगून टाकलं, आवाज न चढवता. मग सवयीने, किंवा दुसरं काही सुचेना म्हणून, गुलबाराने ओट्यावरची ताजी नान आणून पुढे धरली. निघणाऱ्या पाहुण्याने एक तुकडा तरी मोडून तोंडात टाकायचा असतो. दुष्मनाच्या घरीसुद्धा टाकतात.

"निदान तोंडाला लाव, जिपार."

नान गरम होती, वरचे तीळ चमकत होते. जिपारने त्या तिळांकडे पाहिलं, चपला पायात सरकवल्या, आणि नानला हात न लावता बाहेर पडली.