कड्याकडचे बाण

"वहिनी, आज राखाडी डबा उचला. पिवळ्याला हातच लावू नका."

धाकटा दीर मठाच्या दारातच आडवा उभा होता. डोंगरातल्या पायवाटांवर पिवळे बाण रंगवायचं काम त्यांच्याच घराकडे. आधी तिचा नवरा रंगवायचा. काय माणूस तो! म्हणे त्याच्या शिट्टीने ढग बाजूला सरकायचा. आणि नाहीच सरकला, तर म्हणायचा, "हा बहिरा आहे गं."

मागच्या थंडीत तो कड्याच्या वाटेने वर गेला, तो गेलाच. त्याच दिवशी कडा ढासळला. लोकांनी दरी पालथी घातली, चप्पलसुद्धा हाती लागली नाही. वाट बंद झाली. बाण मात्र तसेच. ते राखाडी रंगाने बुजवायचे म्हटलं की हिची कंबर धरायची, नाहीतर ब्रश कडक व्हायचा.

काल मठ बघायला आलेलं एक जोडपं त्या बाणांमागून गेलं आणि तुटक्या कडेला झुडूप धरून लोंबकळलं.

"मठातल्या बाबांनी वर ओढलं म्हणून वाचले," दीर म्हणाला.

मठात घंटा वाजवणारे म्हातारे साधू पायरीवरच बसले होते. "मी कसला ओढतोय! बाई अशी किंचाळली की नवरा आपोआप वर उडाला."

तिला हसू आलं नाही. रडूही नाही. हल्ली दोन्ही येत नव्हतं.

"बुजवले आणि तो आला, तर?" तिने विचारलं.

"वहिनी, अहो..."

"कळतं रे मला. चल."

पहिल्या दगडावर ब्रश फिरला. पिवळं गेलं. मग दुसरा दगड, तिसरा. हात आपला चालत होता, जसा काही शेजारणीचा उसना आणलेला. दीर मागून वाटेत काटेरी फांद्या टाकत होता. तुटक्या कडेपर्यंत चढताना समोर दिसणारा एकही बाण उरला नाही. तिने खाली दरीत पाहिलंसुद्धा नाही.

परत फिरल्यावर दीर थबकला. त्याच दगडांच्या वरच्या अंगाला, उतरणाऱ्यांना दिसतील असे बाण होते. सगळे पिवळेधमक.

"वहिनी, हे राहिले की."

"ते खाली येणारे आहेत. त्यांच्या नादाने कोण वर जातंय?"

दिराने तिच्या हातातून डबा घेतला आणि झाकण दाबून बसवलं.

एका बाणावर चिखल वाळला होता. तिने तो बाहीने पुसला आणि उतरू लागली.