शहात्तर ठोके

मुंगीने झिपरीच्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वॉर्डात जाण्याआधी रोज सकाळी मॅडम सगळ्या मुलींना जोडीने उभं करायच्या आणि एकमेकींची नाडी मोजायला लावायच्या. जिला मैत्रिणीची नाडी धड मोजता येत नाही ती पेशंटची काय मोजणार, असं त्यांचं म्हणणं होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मुलींना त्याचा कंटाळा आला होता. मोजता मोजता गप्पा चालायच्या.

आज मुंगी गप्प झाली. बोटांखाली एक ठोका पुरता होण्याआधी दुसरा येऊन आदळत होता. आपलंच मोजणं चुकलं असं वाटून तिने पुन्हा सुरुवात केली. मग मान वर करून झिपरीकडे पाहिलं. खिडकीतलं ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं, तरी डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. ओठ कोरडे पडलेले. जबडा आवळलेला.

"काय घेतलंस?" मुंगीने हळूच विचारलं.

"कालचीच गोळी, गच्चीवरच्या पार्टीतली. अर्धी उरली होती, ती सकाळी घेतली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, ड्यूटीवर उभी कशी राहणार होते?"

"बरं नाही म्हणून सांग. खोलीवर जा."

"या महिन्यात दोनदा सांगून झालंय. आता मॅडम मलाच अॅडमिट करून घेतील." झिपरी हसली. "घाबरू नकोस गं. मी एकदम फ्रेश आहे."

दोघी पहिल्या वर्षापासून हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहत होत्या. कायम कुणाची ना कुणाची कामं अंगावर घेऊन लगबगीने फिरणारी म्हणून एक मुंगी, आणि केस कधीच टोपीत मावायचे नाहीत म्हणून दुसरी झिपरी. पहिल्यांदा एका मेलेल्या माणसाचं अंग पुसायची वेळ आली तेव्हा मुंगी मोरीत जाऊन ओकली होती. झिपरीने एकटीने सगळं उरकलं, चादर सारखी केली आणि बाहेर येऊन सांगितलं, दोघींनी मिळून केलं. त्यानंतर त्या गोष्टीचा तिने कधी उल्लेखही केला नाही. मुंगी मात्र ते विसरली नव्हती.

"तुमची किती?" मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या.

नशा करून वॉर्डात पाऊल टाकलं तर नाव कमी होईल, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेलं होतं. झिपरीचं मनगट अजून तिच्या हातात होतं. ते तिच्या बोटांवर जरासं दाबलं गेलं, का तिला तसं वाटलं, कोण जाणे.

"शहात्तर, मॅडम."

मॅडमनी मान हलवली आणि त्या पुढच्या जोडीकडे गेल्या. इतकं सोपं होतं ते.

वॉर्डात झिपरीला दाराजवळच्या पलंगावरचे आजोबा मिळाले आणि मुंगीला त्यांच्या शेजारचा पेशंट. आजोबांना लकवा झाला होता. उजवं अंग लुळं, बोलणं अस्पष्ट, आणि गिळताना घास चुकीच्या वाटेने जायचा. म्हणून त्यांच्या उशाशी भिंतीवर पाटी लावली होती: पाणी पाजू नये. जे द्यायचं ते दाट करून, चमच्याने, नीट बसवून.

मुंगी आपल्या पेशंटचं ब्लडप्रेशर घेत होती, पण लक्ष सगळं शेजारी. झिपरीने चादर बदलली, उशी झटकली, आजोबांना काहीतरी सांगून हसवलंसुद्धा. हात नुसते भिरभिरत होते. नॅपकिन पडला, तो उचलायला गेली तर ट्रे कलंडला. मुंगी दर वेळी श्वास रोखायची आणि काही झालं नाही की सोडायची. दुपारपर्यंत निभावलं की सुटलो, असं ती मनाशी घोकत होती. आजोबांची लेक औषधं आणायला खाली गेली होती.

पेशंटच्या दंडावरचा पट्टा सोडायला मुंगी वळली आणि तिला ठसका ऐकू आला. मग दुसरा. मग ठसका थांबला, आणि तो थांबला म्हणूनच ती गर्रकन मागे फिरली.

आजोबा सपाट झोपलेले होते. तोंड निळं पडत चाललं होतं, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. झिपरीच्या हातात रिकामा ग्लास.

नंतर मुंगीला सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवलं. तिने सिस्टरना हाक मारली होती. आजोबांना कुशीवर केलं होतं, पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी त्यांच्या घशात घातली होती आणि मशीन घरघरत होतं. सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर. खूप वेळाने आजोबांनी आवाज करत एक श्वास ओढला, मग आणखी एक. हळूहळू ओठांवर रंग आला.

"त्यांनीच मागितलं," झिपरी म्हणत होती. "त्यांनीच मागितलं ना." तिच्या चेहऱ्यावर अजून सकाळचंच हसू होतं, ते पुसायचं कसं हे तिला कळत नसल्यासारखं.

मॅडमनी दोघींना ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. काही न विचारता त्यांनी एका हाताने झिपरीचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने मुंगीचं. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मुंगीला स्वतःचे ठोके कानात ऐकू येत होते.

"दोघींचीही नाडी सारखीच पळतेय," मॅडम म्हणाल्या. "कोण नुसतं घाबरलंय आणि कुणी काय घेतलंय, हे मला बोटांनी कळणार नाही. तुम्हीच सांगा."

झिपरीच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. त्याशिवाय ती फार लहान दिसत होती.

"मी घेतलंय मॅडम. हिला काही माहीत नव्हतं."

मॅडमनी मुंगीकडे पाहिलं. मान खाली घालून गप्प राहिलं की झालं, एवढंच करायचं होतं. मुंगीने मान खाली घातलीही. मग तिने टेबलाची कड धरली.

"माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळी मी खोटं सांगितलं. एकशे बत्तीस होती."

"कशाला गं," झिपरी पुटपुटली.

मॅडम स्टुलावर बसल्या. एकदम थकल्यासारख्या.

"हिचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. आधी डॉक्टर हिचं हृदय बघतील. मग प्रिन्सिपॉल, मग घरी कळवावं लागेल. वर्ष वाया जाईल. नीट उपचार घेतले तर कदाचित परत येईलही." त्या थांबल्या. "तुझी तपासणी केली तर काहीच सापडणार नाही. तुझं काय करायचं, मला खरंच कळत नाही. बाहेर थांब."

मुंगी बाहेर आली. आजोबांना उंच बसवलं होतं, नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांची लेक औषधांची पिशवी छातीशी धरून उभी होती. कुणीतरी तिला घडलेलं सांगितलं असावं.

"तूच का गं धावलीस ती?" तिने मुंगीचा हात घट्ट धरला. "सिस्टर म्हणाल्या, तू होतीस म्हणून. मी मेली नेमकी तेव्हाच खाली गेले." तिचे डोळे भरून आले होते. "भावाला फोन करायचाय, इथून लागत नाही. तू बसतेस ना बाबांजवळ? तू असलीस तर मला काळजी नाही."

मुंगीने आजोबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून हळूहळू श्वास घेत होते.

"मावशी, मी सिस्टरना बोलावते," ती म्हणाली. "माझ्यावर सोडून जाऊ नका."

"का गं?"

मुंगीने मान फिरवून पाहिलं. सिस्टर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी तिचा हात सोडला, खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढली आणि बसल्या.

"करते नंतर फोन," त्या म्हणाल्या.