श्वास रोखा, आत्या

“श्वास रोखा म्हटलं की रोखायचा हो मॅडम! तिसऱ्यांदा सांगतोय!”

टेक्निशियनकाका काचेच्या अलीकडे बसून माइकमध्ये ओरडत होते आणि पलीकडे, एमआरआयच्या बोगद्यात झोपलेली माझी आत्या खुशाल श्वास घेत होती. स्क्रीनवर तिचं हृदय ओल्या कागदावर शाई फुटावी तसं फिसकटलेलं.

“काका, तिला ऐकू येत नाहीये.”

“हेडफोन लावलेत की!”

“हेडफोन लावलेत, पण कान इथे आहेत.” मी मूठ उघडली. आत तिची दोन श्रवणयंत्रं होती. धातू आत चालत नाही म्हणून कपडे बदलताना तिने ती गुपचूप माझ्या हातात कोंबली होती.

काकांनी फॉर्म माझ्यापुढे आपटला. “मग हे काय? ‘ऐकण्यात दोष आहे का?’ पुढे ‘नाही’वर टिक. मागच्या वेळीही असंच. अर्धा तास फुकट!”

टिक आत्याचीच होती. बारीक, नीटनेटकी. मला तिला बोगद्यातून ओढून काढून गदागदा हलवावंसं वाटलं.

आत्याला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त लागतं, आणि त्या रक्ताबरोबर आलेलं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं. ते काढायला ती पोटाला छोटा पंप लावून झोपते. त्यातल्या औषधाने लोह निघतं, पण तिचे कानही चाललेत. हे ती जगात कुणालाही सांगत नाही, केस कानांवर ओढून घेते. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “हृदयात लोह नसेल तर पंप बंद करून नुसत्या गोळ्यांवर जाऊ. पण आधी हृदयाचा एमआरआय. रक्ताच्या तपासणीवरून हृदयातलं कळत नाही.” आज फोटो आले नाहीत, तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. तोवर पंप चालूच, आणि कान थोडे थोडे कमी.

“बाहेर काढतो त्यांना,” काका म्हणाले. “पुढचा पेशंट थांबलाय.”

“मला आत सोडा,” मी म्हटलं. “तुम्ही काचेतून हात दाखवा, मी तिच्या पायाचा अंगठा दाबते. एकदा दाबला की श्वास आत, सोडला की बाहेर, घट्ट धरला की रोखायचा. शाळेत कवायतीला शिट्टी नसली की आम्ही असंच करतो.” शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं.

काकांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. “क्लिपा, पट्टा, घड्याळ, सगळं काढ. आणि कानात हे बोळे.”

आत्याला बाहेर सरकवून मी सगळं खुणांनी समजावलं. तिने डोळे वटारले. फॉर्मचं आम्हाला कळलं, हे तिला कळलं होतं.

पहिल्या खेपेला तिला गुदगुल्या झाल्या आणि हृदय पुन्हा फिसकटलं. काका काचेमागे कपाळ बडवत होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी मूठ वळली, मी अंगठा घट्ट धरला. मशीन धडधडलं. मीही श्वास रोखला. काकांचा पंजा उघडला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

फोटो स्वच्छ आले.

आठवड्याने डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. “एमआरआयमधला हृदयाचा आकडा विसाच्या वर हवा होता. जितका कमी, तितकं लोह जास्त. हिचा अकरा आहे. पंप बंद नाही करता येणार. आठवड्यातले पाच दिवस आहेत, ते सात करू. शिवाय गोळ्या.”

“आणि कान?” मी विचारलं.

“दर तीन महिन्यांनी तपासू. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू.”

“म्हणजे जाणारच!”

“डॉक्टर,” आत्या म्हणाली, “तुम्ही फाइलशी बोलताय. जरा वर बघून बोला. मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरबाईंनी मान वर करून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

जिन्यात मी पाय आपटले. “एवढा अंगठा दाबला तो काय यासाठी?”

“मग फिसकटलेलंच हृदय बरं होतं का तुला? चल, दुकान उघडायचंय.”

आत्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दुकानात शिरल्यावर तिने केस मागे घट्ट बांधले, एक पांढरं कार्ड घेतलं आणि पट्टीने रेघा मारून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मला कमी ऐकू येतं. कृपया माझ्याकडे बघून बोला.’ कार्ड काउंटरवर चिकटवलं. वाकडं वाटलं म्हणून उचकटून पुन्हा चिकटवलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं, एक जाड भिंगांचे आजोबा. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा काढून पुढे केला आणि ओरडले, “दांडी ढिली झालीये!”

“ओरडू नका,” आत्या म्हणाली. “फक्त इकडे बघा.”

आजोबांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. तरी ते डोळे बारीक करून, तोंड नीट तिच्या दिशेला धरून, सावकाश पुन्हा सांगू लागले.