झिजलेला पहिला सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. तीस सेंटिमीटरांची म्हणवते, भरते एकोणतीस.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पुरती होते. पुढे घरांचे नकाशे काढणाऱ्या एका माणसाकडे पस्तीस वर्षे राबले. विचार करताना मला टेबलावर आपटण्याची त्याला सवय होती. त्या आपटण्याने माझे शून्याकडचे टोक झिजले. मग तो एकच्या रेघेपासून मोजी, आणि सहा हवे असले की सातवर थांबे. साहेब त्याच्या रेघांची वाखाणणी करीत. ती शाबासकी मी माझीच समजले.

तो निवृत्त झाला आणि मी खणात पडले. यंदा त्याच्या मुलीने मला बाहेर काढले. ती महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, सहा वर्षे तात्पुरतीच. कायम होण्यासाठी निवड समितीपुढे एक पाठ द्यायचा होता: बड्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या नफ्याची तुलना.

"हिचा पहिला दात पडलाय गं, एकपासून धर," बाबा म्हणाले. पुढे एक वाढवायचे सांगायला मात्र विसरले. ते त्यांच्या बोटांना इतके पाठ होते की तोंडात आलेच नाही.

एका कंपनीचा नफा दुसरीच्या दुप्पट. मुलीने पाठाच्या तक्त्यावर एक स्तंभ माझ्या सहापर्यंत काढला, दुसरा तीनपर्यंत. दोन्ही एकपासून. भरले पाच आणि दोन. मला तेव्हाच कळले होते.

पाठ रंगात आला असताना समितीतल्या वयस्क प्राध्यापकांनी लहान स्तंभाएवढा कागद कापून मोठ्यावर ठेवून पाहिला.

"बाई, तोंडाने दुप्पट सांगता, तक्ता अडीचपट दाखवतो. मुलांनी कुणाचं ऐकायचं?"

"त्या दुसऱ्या कंपनीनं बाईंचं काय बिघडवलंय?" शेजारचे हसले.

तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे बोट दाखवले असते तर ती सुटली असती.

"चूक माझी, सर. काढल्यावर मी पडताळून पाहायला हवं होतं," ती म्हणाली आणि फळ्यावर स्तंभ नव्याने काढू लागली.

संध्याकाळी यादी लागली. जागा दुसऱ्याला मिळाली होती.

बाबा दारातच उभे होते. "माझी पट्टी उपयोगी पडली ना?"

"पडली की, बाबा. जागाच एक होती, त्याला कोण काय करणार?"

तिने मला पुसून हळुवार खणात ठेवले. त्यापेक्षा मोडले असते तर बरे वाटले असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण दुसऱ्याच्या हाती देताना त्यांची खोड पुरती सांगा. झिजतो आम्ही, मान मात्र दुसऱ्याची खाली जाते.