करड्या थराखालचं डाळिंब

मी एक जुनी थापी आहे. लाकडी मूठ, रबरी तळ, आणि त्या तळावर दगडासारखा घट्ट बसलेला करडा थर. मित्रांनो, तो थर एका सकाळचा आहे आणि त्याची मला अजून लाज वाटते.

माझे पहिले धनी मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, शुक्री; जॉर्डनमधल्या मादबा गावातले नावाजलेले कारागीर. रंगीत दगडांचे तुकडे जुळवून ते चित्रं करत आणि तुकड्यांमधल्या दरजा माझ्या तळाने सिमेंट दाबून भरत. घरातली चित्रं टिकली, अंगणातली मात्र थंडीने आणि उन्हाने सुटत गेली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला आपल्या शिष्येच्या, विदादच्या, हाती दिलं.

विदादची आई वारली होती. आईने लावलेलं डाळिंबाचं झाड विदादला फाटकाशेजारच्या भिंतीवर कायमचं हवं होतं, म्हणून ती सिमेंटऐवजी इपॉक्सी, दोन द्रव्यं कालवून होणारं पक्कं भरण, शिकू लागली. पहिल्यांदा सिमेंटच्या सवयीने तिने दोन्ही डब्यांतली द्रव्यं अंदाजानेच कालवली, वर पाणीही शिंपडलं. आठवडा झाला तरी ते चिकटच. मग तिने वजनकाटा आणला.

मुअल्लिम ओट्यावरून चिडवायचे, "दरजा भरतेस की औषधाच्या पुड्या बांधतेस?"

"तुमचं सिमेंट दर हिवाळ्यात आजारी पडतं, मुअल्लिम. त्याचंच औषध करतेय."

अखेर जुलैतल्या एका सकाळी भिंत भरायला घेतली. थोडं भरावं, ते घट्ट व्हायच्या आत ओल्या स्पंजने दगड पुसावेत, मग पुढे जावं, असा नियम. पण हुरूप आवरेना. तिने माझ्याकडून अख्खं झाड एका दमात लिंपून घेतलं आणि स्पंज पिळायला वळली, तोच अबू फरहान काका आले.

काका आले म्हणजे कॉफी आलीच. त्यांनी कप घेतला आणि न पिता ओट्यावर ठेवला. मागणं घेऊन आलेला पाहुणा असाच कप ठेवतो आणि होकार मिळेपर्यंत त्याला शिवत नाही. कप तसा असताना यजमानानेही त्याच्याकडे पाठ फिरवायची नसते.

"नायफ आलाय कुवेतहून," काका म्हणाले. "तुझ्या दारात यायला घाबरतो. तू 'येऊ दे' म्हण, मी पितो."

नायफ तिचा भाऊ.

"आईला माती द्यायला सवड नव्हती त्याला."

"चुकला पोरी. म्हणून तर कप खाली आहे."

"कॉफी गार होतेय, काका."

"होऊ दे. गार पिईन, पण पिईन."

भिंत पुसायला वळावं तर पाठ फिरली असती, म्हणून विदाद जागची हलली नाही. तिने मला मुठीत गच्च धरलं होतं. ऊन भिंतीवर चढत होतं आणि माझ्या रबरावरचं इपॉक्सी ताठत होतं. मला तोंड असतं तर मीच 'येऊ दे' म्हटलं असतं. बऱ्याच वेळाने काका उठले, आणि भरला कप तिथेच राहिला.

मग तिने स्पंज फिरवला, पण करडा थर हलेना. छिन्नी लावली तर थराआधी लाल दगडच फुटले. मला न धुताच तिने बादलीत टाकलं. त्या दिवसापासून मी फळीवर आहे. इपॉक्सी मात्र फार छान टिकलं. सहा हिवाळे गेले, टवकासुद्धा उडाला नाही. याचंच मला वाईट वाटतं.

काका वारले, त्यानंतर नायफ एकटाच आला. केस पांढरे झाले होते. भिंतीवरून हात फिरवत त्याने विचारलं, "आईचं डाळिंब लाल होतं ना?"

"आहे," विदाद म्हणाली. "खाली आहे."

तिने कॉफी आणली. त्याने कप खाली ठेवला नाही, उभ्या उभ्याच पिऊन टाकला. मागायला आता काय उरलं होतं?

मित्रांनो, हत्यारं कामातून काढताच धुवा आणि पुसायचं ते ओलं आहे तोवर पुसा. त्या सकाळी काकांनी फक्त दोन शब्द मागितले होते.