गुळगुळीत रंगाखाली

बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आलेल्या यामिनीने डमडमच्या घराखाली एक जुनी अॅम्बेसेडर दुरुस्त करायला घेतली होती. रविवारी ती दाराखालचा रंग खरवडत होती. तेवढ्यात पुट्टीचा जाड थर निखळला आणि आतून कुजलेलं गोणपाट बाहेर आलं. त्याला उंदराची मेलेली पिल्लं चिकटली होती. यामिनी झटकन मागे सरकली.

“झाक ते परत. वरून रंग मारला की कोणाला दिसतंय?” नवरा केयूर नाक दाबून म्हणाला.

“गाडी विकणाऱ्याने हेच केलं ना!” ती चिडून म्हणाली.

त्या गुळगुळीत रंगावर भाळून आपण गाडी घेतली, याचीच तिला जास्त किळस आली. तिने हातमोजे चढवले, सगळी घाण ओरबाडून काढली आणि सडलेला पत्रा कापायला घेतला.