चार नळ्यांच्या संगमावर

मित्रांनो, मी एक जुना वेस्टगेट आहे. नाव ऐकून तुम्ही गोंधळला असाल, आणि मला तरी ते नीट समजावता येईल की नाही, कोण जाणे. इंजिनाच्या धुराच्या जोरावर टर्बोचे चाक फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. ती फार झाली तर इंजिन फुटते. म्हणून जादा धूर परस्पर बाहेर सोडणारा एक दरवाजा लागतो. तो मी.

एका शर्यतीच्या गाडीवर मी बरीच वर्षे इमानाने राबलो. कौतुकही झाले. गाडी भंगारात गेली आणि मी नगरच्या एमआयडीसीजवळ, कानिफनाथांच्या गॅरेजात एका गंजक्या डब्यात येऊन पडलो. तिथून मला त्यांच्या मुलीने, दिशाने, बाहेर काढले. दसऱ्याच्या सकाळी जीपने डोंगर चढण्याची शर्यत होती आणि तिच्या जीपला टर्बो बसत होता.

चूक झाली ती माझ्या जागेत. खंडेनवमीला अवजारे पूजेला बसतात. मग पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. त्याआधी काम उरकायचे म्हणून कानिफनाथांनी मला इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चारपैकी एकाच नळीवर, तेही उलट्या तोंडाने जोडले. तिथे मोकळी जागा होती, बोनेटही नीट बंद होत होते. पण बाकीच्या नळ्यांचा धूर माझ्याकडे वळणार कसा?

खंडेनवमीच्या दुपारी दिशाने जीप मुरमाच्या टेकाडावर घातली. मी पुरता उघडलो, तरी दाब चढतच राहिला. दाबाचा काटा लाल रेघेपार सरकला. इंजिन आतून ठकठकू लागले. मला ओरडायचे होते, पण तोंड कुठे होते? दिशाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला म्हणून आम्ही वाचलो.

गॅरेजात परतताच ती बापाला म्हणाली, “आप्पा, काटा लाल रेघेच्या पार गेल्ता. ह्याची जागा चुकली हाय.”

“उद्या पाय हलका ठिव.”

“चढावर? मग बैलगाडीच नेते की!”

कानिफनाथांनी मान खाली घातली. “चारी नळ्या एक हुत्यात तिथं लावाया पायजे हुता. पन आता अवजारं पूजंला बसली. उद्या पूजा उतरंस्तोवर काय न्हाई.”

“तवर शर्यत सुरू व्हईल. जाते मी अशीच.”

तिचा आवाज ऐकून मी हादरलो. ती खरेच गेली असती.

तिच्या आजी, भागूबाई, उंबऱ्यात झेंडूच्या माळा ओवत होत्या. त्या उठल्या. ग्राइंडरवरची माळ त्यांनी बाजूला ठेवली, ग्राइंडर कपाळाला लावला आणि लेकासमोर धरला.

“देवीला काय सांगायचं ते मी सांगंन. पोरीला असल्या इंजिनाम्होरं बसवतूस व्हय रं? धर!”

ठिणग्या उडाल्या. कानिफनाथांनी मला त्या नळीवरून कापून काढले आणि चारही नळ्यांच्या संगमावर, धुराच्या वाटेला तिरपे धरून पुन्हा जोडले. बोनेट लागेना, तर काढूनच ठेवले.

दुसऱ्या दिवशी उभ्या चढावर दिशाने पाय जरासुद्धा उचलला नाही. काटा चढला, चढला... आणि मी उघडलो. धूर सरळ माझ्यातून सुसाट निघाला. काटा रेघेच्या अलीकडे थांबला तो थांबलाच.

बक्षीस दुसऱ्याच जीपला मिळाले. पण खाली येताच कानिफनाथांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. आधी लेकीचे हात हातात घेतले.

मित्रांनो, आम्हा मुक्या यंत्रांना तुमच्या सोयीच्या नव्हे, कामाच्या जागी बसवा. आम्ही चुकीच्या जागी बसलो, की त्याचे मोल कुणा दिशाला मोजावे लागते.